चार शब्द आणि घोटभर पाणी

अमीर खुसरोंचा एक किस्सा उर्दू जाणणाऱ्या घरांत बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. खुसरो वाटेने चालले आहेत, घसा कोरडा पडला आहे. विहिरीवर चार बायका पाणी भरत आहेत. ते पाणी मागतात. त्यांतली एक त्यांना ओळखते आणि बाकीच्यांना सांगते, ज्याची गाणी आपण गातो, ज्याची कोडी आपण एकमेकींना घालतो, तो हाच. मग पाणी राहते बाजूला. एक म्हणते, खिरीवर काही सांगा. दुसरीला चरखा हवा, तिसरीला ढोल, चौथीला कुत्रा. खुसरो म्हणतात, तहानेने जीव चालला आहे, आधी पाणी द्या. त्या म्हणतात, आधी आमचे शब्द, मग पाणी. तेव्हा खुसरो चारही शब्द एकाच रचनेत गुंफतात आणि पाणी पिऊन पुढे जातात.

हा किस्सा मौलाना मुहम्मद हुसैन आझाद यांनी 'आबे हयात' या १८८० च्या ग्रंथात दिला आहे. खुसरोंचा इंतकाल १३२५ मधला. म्हणजे मधे साडेपाचशे वर्षे गेली. हिंदवीत काही रचना करून त्या दोस्तांना वाटल्याचे खुसरोंनी स्वतः आपल्या एका फारसी दिवाणाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. परंतु त्यांच्या काळातले हिंदवी हस्तलिखित उपलब्ध नसल्याने या ओळी त्यांच्याच, असे संशोधक छातीठोकपणे म्हणत नाहीत. आमच्या विषयाला त्याने बाधा येत नाही. लोकांनी ही रचना तोंडी जपली, तिला 'अनमिल' किंवा 'ढकोसला' असे नाव दिले, आणि दिलेल्या शब्दांवरून खेळकर कविता कशी करावी याचा एक नमुनाच आपल्यापुढे ठेवला.

असल्या कवितेकडे आपले समीक्षक ढुंकून पाहत नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा लग्नघरात वेळ घालवायची गोष्ट, एवढीच तिची किंमत केली जाते. आमचे मत वेगळे आहे. शब्द देऊन कविता करवून घेण्याची रीत आपल्या दोन्ही भाषांत जुनी आहे, तिच्यात चांगले काय आणि वाईट काय हे ठरवता येते, आणि ते ठरवताना आजच्या मराठी मुस्लिम कवितेविषयीही एक प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न असा, की शब्द देतो कोण आणि पाणी कोणाच्या हातात असते?

प्रथम ती रचनाच पाहू. तिचा आशय थोडक्यात असा. मोठ्या कष्टाने खीर रांधली, त्यासाठी चरखाच चुलीत घातला. मग कुत्रा आला आणि खीर फस्त करून गेला. आता बस ढोल बडवत. चार शब्द, चार क्रिया. रांधणे, जाळणे, खाणे, बडवणे. प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतःचे काम मिळाले आहे. कोणताही शब्द नुसता हजेरी लावायला आलेला नाही. क्रम बदलून पाहा. कुत्रा आधी आणला तर त्याला खायला खीर नाही. ढोल आधी वाजवला तर तो आनंदाचा ढोल होईल, आणि मग रचनेतला चिमटाच नाहीसा होईल. ढोल शेवटीच हवा, कारण तो आतून पोकळ असतो आणि सगळे गेल्यावर तोच उरतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चरखा म्हणजे त्या बाईच्या रोजीचे साधन. एका दिवसाच्या गोडासाठी तिने ते जाळले. हसता हसता येथे घरसंसाराची एक कडू गोष्ट सांगून झाली आहे. उपदेशाचा एक शब्द नाही, तरी ऐकणारा दचकतो. बायकांनी शायरला कोंडीत पकडायला चार विजोड शब्द टाकले होते. शायरने त्याच शब्दांत त्यांची फिरकी घेतली. पण श्रेय एकट्या शायरला देऊ नये. शब्द निवडले ते बायकांनी. एक खाण्याचा पदार्थ, एक अवजार, एक जनावर आणि एक वाद्य. चारही डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे, आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले. 'हुस्न', 'इश्क', 'वफा', 'जफा' असे चार शब्द त्यांनी दिले असते तर शायरला मेहनतच पडली नसती, आणि ती रचना कोणी लक्षातही ठेवली नसती.

आता आपल्या तरही मुशायऱ्याकडे वळू. त्याची पद्धत बहुतेक वाचकांना माहीत आहे. एक मिसरा आधी जाहीर होतो, त्याला मिसरा-ए-तरह म्हणतात. त्याच वजनात, त्याच काफिया-रदीफात सर्वांनी गझल लिहून आणायची. दिलेल्या मिसऱ्याला स्वतःचा मिसरा जोडून शेर पुरा करायचा, त्याला गिरह लावणे म्हणतात. गिरह चांगली बसली की उसना मिसरा आपलाच वाटू लागतो. शागिर्दाच्या तयारीसाठी याहून कडक परीक्षा नाही. परंतु हीच पद्धत पुढे कसरतीकडे झुकली. 'संगलाख जमीन', म्हणजे खडकाळ जमीन, शोधून तीत गझल पिकवून दाखवणे हाच मोठेपणा झाला. दिल्लीचे शाह नसीर अशा अवघड रदीफांसाठी प्रसिद्ध होते. अशा गझलेत काफिये आधी ओळीने मांडले जातात आणि मग प्रत्येक काफियासाठी एकेक मजमून शोधला जातो. शब्द चाकर राहत नाही, मालक होतो.

हा रोग एकट्या उर्दूचा नाही. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात फक्त यमके देऊन सुनीत लिहून घेण्याचा खेळ निघाला. त्याचा जनक म्हणून द्युलो नावाच्या एका कवीचे नाव घेतात. त्याची गोष्ट अशी सांगतात, की आपली तीनशे सुनीते चोरीला गेली म्हणून तो हळहळत होता. एवढी सुनीते याने कधी लिहिली, असे लोकांना आश्चर्य वाटले, तेव्हा त्याने खुलासा केला की सुनीते अजून लिहायची होती, चोरीला गेली ती नुसती यमके. लोक हसले आणि त्यांनी तोच खेळ सुरू केला. इंग्रजीत ॲडिसनने १७११ साली 'स्पेक्टेटर'मधून या खेळावर कोरडे ओढले. खेळ तरीही मेला नाही. १८६४ मध्ये अलेक्झांद्र द्युमा यांनी फ्रान्समधल्या कवींना ठरावीक यमके देऊन आवाहन केले आणि पुढच्या वर्षी आलेल्या कवितांचे पुस्तक निघाले. द्युलोला हसणे सोपे आहे. पण वहीत काफियांची यादी करून मुशायऱ्याची वाट पाहणारे आपल्याकडे कमी नाहीत, हेही कबूल केले पाहिजे.

मराठी-संस्कृतच्या बाजूलाही हीच रीत आहे. चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत समस्यापूर्तीला जागा आहे. एक चरण द्यायचा, बाकीचे कवीने पुरे करायचे. भोजराजा आणि कालिदास यांच्या नावावरच्या अशा कितीतरी गोष्टी 'भोजप्रबंधा'त आहेत. कलगी-तुऱ्याच्या फडात एका शाहिराने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने कवनातच जवाब द्यायचा, हा खेळ रात्ररात्र चाले. शाहिरीच्या या दुनियेत जेजुरीचे सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान मोठ्या मानाने वावरले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आणि दारावरचा उखाणा घ्या. नवरीला उंबऱ्यावर अडवतात. नाव घे, मगच आत ये. तिला दिलेला शब्द एकच, नवऱ्याचे नाव. त्याला जुळणारे काही तरी शोधून तिने ओळ पुरी करायची आणि आपल्याच घरात शिरायचे. विहिरीवरच्या खुसरोंची आणि उंबऱ्यावरच्या या मुलीची अवस्था आम्हांला सारखीच वाटते. एकाला पाणी हवे, दुसरीला घर. कविता ही दोघांनी भरलेली जकात.

आता त्या गोष्टीकडे येऊ जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. ज्या आझादांनी विहिरीवरचा किस्सा लिहून ठेवला, त्याच आझादांनी त्याआधी सहा वर्षे, म्हणजे १८७४ मध्ये, लाहोरला 'अंजुमने पंजाब'च्या वतीने नव्या प्रकारचे मुशायरे सुरू केले. पाठीशी पंजाबच्या शिक्षण खात्याचे संचालक कर्नल हॉलरॉइड होते. नवेपण असे, की तेथे तरहचा मिसरा द्यायचा नाही, विषय द्यायचा. पाऊस, हिवाळा, आशा, देशप्रेम, इन्साफ असे विषय दिले गेले. उर्दू नज्मच्या इतिहासात याला मोठे वळण मानतात आणि ते बरोबरच आहे. मौलाना हालींची 'बरखा रुत' याच मुशायऱ्यांची देणगी. उन्हाळ्याची काहिली आणि मग आलेला पाऊस इतक्या साध्या, डोळ्यांपुढच्या भाषेत त्याआधी फार थोड्यांनी उतरवला असेल. घासून गुळगुळीत झालेल्या काफियांतून शायरी बाहेर काढायची ही धडपड प्रामाणिक होती.

तरीही एक शंका विचारावीशी वाटते. मिसरा गेला आणि विषय आला, यात शायर मोकळा झाला का? आमच्या मते तो एका दोरीतून सुटला आणि दुसरीत अडकला. शब्द देणारा एवढेच म्हणतो, की हे चार घेऊन ये. काय बोलायचे ते तुझे तू पाहा. विषय देणारा मात्र काय बोलायचे तेच सांगून मोकळा होतो. 'देशप्रेम' हा विषय दिल्यावर देशप्रेमाविरुद्ध कोण बोलणार? 'आशा' हा विषय दिल्यावर निराश कोण होणार? आणि विषय देणारा शिक्षण खात्याचा साहेब असेल, तर शायरने हसावे कुठे? पावसावर 'बरखा रुत' झाली, कारण पाऊस डोळ्यांना दिसतो, अंगावर पडतो. भाववाचक विषयांचे तसे होत नाही. ते आपल्यासोबत आपली उत्तरे घेऊनच येतात.

ही शंका आम्हांला पुस्तकातून आलेली नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, मराठीचे तास आमच्याकडे असतात. सहावीच्या वर्गाला 'ईद' हा विषय दिला की पन्नास वह्यांत एकच मजकूर येतो. नवे कपडे, शीरखुर्मा, गळाभेट आणि शेवटी एकात्मतेचे एक वाक्य. मुले खोटे लिहीत नाहीत. विषय ऐकताच मास्तरांना काय हवे आहे हे त्यांना कळते, आणि ती तेवढे देऊन मोकळी होतात. आता त्याच वर्गाला चार शब्द दिले. छत्री, बकरी, रिक्षा, गणित. बऱ्याच मुलांनी 'माझी छत्री छान, माझी बकरी छान' अशी यादी केली. ही कच्ची पायरी. येथे शब्द फळीवरच्या बरण्यांसारखे शेजारीशेजारी ठेवलेले आहेत, कोणी कोणाला हातही लावलेला नाही. पण एका मुलाने हे लिहिले:

बकरी निघाली रिक्षात,
छत्री धरली शिंगांत;
मीटर अडलं गणितात,
भाडं दिलं पाल्यात.

उर्दूचा उस्ताद म्हणेल, काफिया कच्चा आहे, नुसता प्रत्यय जुळवला आहे. खरे आहे. पण पाहा, चारही शब्द कामाला लागले आहेत. 'गणित' हा शब्द सर्वांत अवघड होता, कारण बाकीच्या तिन्ही वस्तू आणि हा शाळेचा विषय. मुलाने त्याला मीटरमध्ये नेऊन बसवले, आणि तेथे तो असा बसला की त्याच्या जागी दुसरा शब्द घालता येत नाही. आणि 'पाला' हा शब्द तर दिलेलाच नव्हता. तो बकरीच्या मागून आपोआप आला. दिलेल्या शब्दाने न दिलेला शब्द ओढून आणावा, ही अशा कवितेची खरी कसोटी होय.

यात व्याकरणाचाही एक फायदा आहे आणि तो शिक्षकांसाठी नमूद करतो. उर्दूत 'का, की, के', 'में', 'से' नामापासून सुटे लिहितात. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटण्याआधी नामाचे रूप बदलतो. आपली मुले 'कुत्राचा' लिहितात, 'कुत्र्याचा' लिहीत नाहीत. वर तीन लिंगे. ही विभक्ती तक्त्यावरून पाठ करून येत नाही. वरच्या कवितेत चार सप्तम्या हसतखेळत आल्या. इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी, जे आरंभी शाळामास्तर होते, त्यांनी १९७३ च्या आपल्या 'कल्पनेचे व्याकरण' या पुस्तकात हीच युक्ती सांगितली आहे. एकमेकांपासून लांबचे दोन शब्द घ्यावेत आणि त्यांच्यामध्ये शब्दयोगी अव्यये बदलत जावे. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट. मराठीत ते असे होईल: कुत्र्याचे कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कपाट घेऊन चाललेला कुत्रा. प्रत्येक प्रत्ययाबरोबर एक नवी गोष्ट सुरू होते. शब्द जवळचे असतील, जसे कुत्रा आणि मांजर, तर गोष्ट सुरूच होत नाही. विहिरीवरच्या बायकांना हे रोदारींच्या कितीतरी आधी माहीत होते.

आता दुसरी रचना. शब्द दिले होते चहा, चंद्र, चमचा, कुलूप. एका मुलीने लिहिले:

चहात पडला चंद्र,
नानीने काढला चमच्याने;
पुढे लावलं कुलूप,
ईद आली मागच्या दाराने.

या मुलीला 'ईद' हा विषय दिला असता तर तिने शीरखुर्म्याचा निबंध लिहिला असता. येथे ईद कोणी मागितली नव्हती. चंद्राच्या मागून ती आली, आणि तीही मागच्या दाराने. पुढच्या दाराला कुलूप का, नानी कोणाला आत येऊ देत नव्हती, हे कविता सांगत नाही. ज्याला जे आठवेल ते त्याने आठवावे. मोहल्ल्यात राहणाऱ्याला कुलपाचा एक अर्थ लागेल, लेकीची वाट पाहणाऱ्या आईला दुसरा. शब्दांशी खेळताना मनात खरे काय आहे ते न बोलावता येते. विषय देऊन हाक मारली की ते लपून बसते.

येथून आपल्या कवितेकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्या कवींनी जे लिहिले त्यात जखमेची भाषा होती आणि ती असणे अपरिहार्य होते. त्या कवितेला कमी लेखण्याचा आमचा इरादा मुळीच नाही. प्रश्न पुढचा आहे. आज एखाद्या काव्यवाचनाला आपल्या कवीला बोलावणे येते तेव्हा बहुधा सोबत विषयही येतो. एकोपा तरी, नाहीतर वेदना तरी. जणू शब्दांची एक ठरलेली पिशवी त्याच्या हाती दिली जाते: बुरखा, अजान, तलाक, दंगल, फाळणी. यांतला प्रत्येक शब्द आपल्या जगण्यातला आहे, त्यावर लिहिलेच पाहिजे. पण पिशवी दुसऱ्याने भरलेली असेल आणि टाळ्यांचे पाणी त्याच्याच हातात असेल, तर कवी पिशवीतले शब्द मुकाट्याने ओळीत मांडू लागतो. मग तोही तीनशे यमकांचा धनी द्युलोच होतो, फरक एवढाच की त्याच्या यमकांतून रक्त ठिबकत असते. या शब्दांखेरीज आपल्याकडे रिक्षा आहे, बकरी आहे, गणितात नापास झालेला भाऊ आहे, चहात चंद्र पाहणारी नानी आहे. त्यांच्यावर मराठीत हसत लिहिणारा मुस्लिम कवी आपल्या मासिकांतही क्वचित भेटतो. हसण्याचा हक्क कोणी आपल्याकडून हिसकावून घेतलेला नाही. तो आपणच वापरत नाही.

कोणी म्हणेल, एवढे प्रश्न समोर असताना शब्दांचे खेळ कसले करता? त्यांना आम्ही चुलीत गेलेल्या चरख्याची आठवण करून देऊ. रोजीचे साधन जाळून बसलेल्या बाईची गोष्ट त्या रचनेत खेळातच सांगितली गेली, आणि ती अजून लोकांच्या तोंडी आहे. उलट खेळ म्हणून लिहिलेले सगळेच चांगले, असेही नाही. शब्द नुसते मांडले की यादी होते, नुसते जुळवले की कसरत होते. एका शब्दाने दुसऱ्याला कामाला लावले आणि दोघांनी मिळून न बोलावलेला तिसरा घरात आणला, तरच कविता होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या शाळांतल्या आणि मासिकांतल्या काव्यस्पर्धांसाठी यंदा विषय देऊ नयेत, शब्द द्यावेत. ते भाववाचक नसावेत. 'स्वप्न', 'आशा', 'जीवन' यांना रजा द्यावी. एक खाण्याचा, एक अवजाराचा, एक जनावराचा, एक आवाजाचा, असे चार लांबलांबचे शब्द असावेत. आणि ते संपादकांनी किंवा शिक्षकांनी निवडू नयेत, मुलांनी एकमेकांना द्यावेत. विहिरीवर शब्द देणाऱ्या बायका त्याच मोहल्ल्यातल्या होत्या, हे विसरू नये. आपल्या माणसाने दिलेला अवघड शब्द हा डिवचणारा खेळ असतो, त्यात दोघेही हसतात. परक्याने दिलेला सोपा शब्द पुष्कळदा नुसती मागणी असते.